अमरावतीचा जितेश विदर्भ सोडून बडोद्याला गेला. चाहत्यांनी रागवायचं तरी कुणावर?

३ जून २०२५ ची रात्र. अहमदाबादमध्ये आयपीएलची फायनल सुरू होती. एका बाजूला रॉयल चॅलेंजर्स बंगळुरू, दुसऱ्या बाजूला पंजाब किंग्ज. अमरावतीकरांसाठी ही मॅच जरा जास्तच गुंतागुंतीची होती. आपलं पोट्टं ज्या पंजाबकडून मोठं झालं, त्याच पंजाबविरुद्ध ते आज खेळत होतं.

जितेश शर्माने त्या रात्री १० चेंडूंत २४ धावा केल्या. बंगळुरूने सामना ६ धावांनी जिंकला आणि १८ वर्षांत पहिल्यांदा ट्रॉफी उचलली. ६ धावांच्या फरकात २४ धावांची किंमत काय असते, हे वेगळं सांगायला नको.

अमरावतीत पंजाबसाठी कुणी रडलं नाही. २०२२ ते २०२४ ही तीन वर्षं पंजाबच्या लाल जर्सीत त्याला पाहणाऱ्यांनी वर्षभरात बंगळुरूची लाल जर्सी आपली मानली. आयपीएलमध्ये हे चालतं. लिलाव होतो, टीम बदलते, चाहतेही खेळाडूमागे जातात.

पण काही आठवड्यांतच दुसरी बातमी आली. देशांतर्गत क्रिकेटच्या २०२५-२६ च्या हंगामात जितेश विदर्भाऐवजी बडोद्याकडून खेळणार. ही बातमी मात्र वऱ्हाडात वेगळी लागली. आयपीएलची टीम लिलावात मिळते, विदर्भ मात्र जन्माने मिळतो, अशी आपली समजूत असते. मग जन्माने मिळालेली टीम कुणी सोडू शकतो का? सोडली तर तो गद्दार ठरतो का? आणि यात चूक कुणाची?

एकेक गोष्ट समजून घेऊ.

आधी जितेशचा प्रवास

जितेशचा जन्म अमरावतीचा, १९९३ चा. लहानपणी त्याला एअर फोर्समध्ये जायचं होतं, हे त्याने स्वतः मुलाखतींमध्ये सांगितलंय. क्रिकेट नंतर आलं आणि मग तेच राहिलं. २०१४ मध्ये तो विदर्भाकडून पहिल्यांदा वन-डे आणि टी-२० खेळला. २०१६ मध्ये मुंबई इंडियन्सच्या ताफ्यात गेला, पण एकही सामना मिळाला नाही. आयपीएलमधला पहिला सामना खेळायला २०२२ साल उजाडावं लागलं. तेव्हा पंजाबने त्याला २० लाखांत घेतलं होतं.

पुढचा वेग सगळ्यांनी पाहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो भारताकडून खेळला आणि संघाने सुवर्णपदक आणलं. २०२४ च्या लिलावात बंगळुरूने त्याच्यासाठी ११ कोटी मोजले. मे २०२५ मध्ये लखनौविरुद्ध कर्णधार म्हणून उतरला आणि ३३ चेंडूंत नाबाद ८५ करून २२८ धावांचं आव्हान पार केलं.

आता याच माणसाचा दुसरा आकडा पाहा. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये, म्हणजे रणजीसारख्या चार-पाच दिवसांच्या सामन्यांमध्ये, त्याने २०१५ च्या सुमारास सुरुवात केली. विदर्भ सोडेपर्यंतच्या जवळपास दहा वर्षांत त्याच्या नावावर सामने होते फक्त १८. विदर्भाने २०२४-२५ मध्ये रणजी करंडक जिंकला, त्या अख्ख्या मोसमात त्याला एकही रणजी सामना मिळाला नाही.

म्हणजे ज्याला आपण ‘विदर्भाचा जितेश’ म्हणत होतो, तो विदर्भाच्या सगळ्यात मोठ्या विजयात मैदानावर नव्हताच.

एक जागा, दोन दावेदार

लगेच ‘नागपूरवाल्यांनी अन्याय केला’ असं म्हणायचा मोह होतो. पण थांबा. रणजीत विदर्भाचा यष्टिरक्षक कोण होता? अक्षय वाडकर. तोच संघाचा कर्णधार.

वाडकर काही वशिल्याने आलेला खेळाडू नाही. २०१७-१८ च्या रणजी फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध त्याने १३३ धावा केल्या होत्या. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने साठ वर्षांनी पहिला करंडक जिंकला, तो याच सामन्यात. पुढे २०२४-२५ चा करंडक त्याच्याच नेतृत्वाखाली आला. कर्णधारच यष्टिरक्षक असेल, तर दुसऱ्या यष्टिरक्षकाने जायचं कुठे?

बॅटर सहा-सात लागतात, बॉलर चार-पाच लागतात. कीपर मात्र एकच लागतो. रांगेत दुसरा असलेला कीपर कितीही चांगला असला, तरी पहिल्याच्या दुखापतीची वाट पाहण्यापलीकडे त्याच्या हातात फार काही नसतं. क्रिकेटमधली ही सगळ्यात निष्ठुर जागा आहे. बत्तिशीत पोचलेल्या खेळाडूला अशी वाट पाहणं परवडत नाही.

बडोद्याचा कर्णधार कृणाल पंड्या. तो जितेशचा बंगळुरूच्या संघातला सहकारी. म्हणजे तो अगदीच अनोळखी घरी गेला, असंही नाही.

संघ बदलतात कसा?

इथे फुटबॉल आणि भारतीय क्रिकेट यांच्यातला फरक कळला, की बराच गोंधळ दूर होतो.

फुटबॉलमध्ये खेळाडूचा क्लबशी करार असतो. करार संपायच्या आत दुसऱ्या क्लबला तो हवा असेल, तर पहिल्या क्लबला पैसे द्यावे लागतात. म्हणून चाहत्यांच्या रागाला पत्ता असतो. २००० मध्ये लुईस फिगो बार्सिलोना सोडून थेट रेआल माद्रिदमध्ये गेला. २००२ मध्ये तो बार्सिलोनाच्या मैदानावर खेळायला आला, तेव्हा त्याच्या दिशेने स्टँडमधून डुकराचं मुंडकं फेकलं गेलं. २०२१ मध्ये मेस्सीने तोच क्लब सोडला, तेव्हा मात्र लोक रडले. कारण तेव्हा क्लबचीच आर्थिक घडी विस्कटली होती आणि राग क्लबच्या कारभाऱ्यांवर निघाला. क्लब एकच, निरोप दोन. चाहते फक्त ‘कोण गेला’ हे बघत नाहीत. ‘का गेला’ आणि ‘कुठे गेला’ हेही बघतात.

भारतीय देशांतर्गत क्रिकेटमध्ये अशी खरेदी-विक्री नसते. खेळाडू आपल्या संघटनेकडे ना हरकत प्रमाणपत्र मागतो. ते मिळालं, की दुसरी संघटना त्याची नोंदणी करते. तिथे तो ‘स्थानिक’ राहत नाही, बाहेरचा व्यावसायिक खेळाडू ठरतो. एका संघाला असे जास्तीत जास्त तीनच खेळाडू घेता येतात. त्यामुळे ही वाट सगळ्यांसाठी खुली नाही. ज्याला समोरून बोलावणं येतं, तोच जातो.

कधी कधी जाणारा परतही फिरतो. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडे जाण्यासाठी परवानगी मागितली होती. पुढच्याच महिन्यात त्याने निर्णय बदलला आणि तो मुंबईतच राहिला. त्याच वर्षी पृथ्वी शॉ मात्र मुंबईतून महाराष्ट्राच्या संघात आला. म्हणजे हा एकट्या विदर्भाचा प्रश्न नाही.

आपण घेतले, तेव्हा टाळ्या वाजवल्या

विदर्भाच्या चाहत्यांनी एकदा मागे वळून पाहायला हवं. मुंबईचा वसीम जाफर विदर्भात आला आणि पहिल्या दोन्ही रणजी विजयांत खेळला. दिल्लीचा ध्रुव शोरे आला. कर्नाटकने बाजूला ठेवलेला करुण नायर २०२३ मध्ये आला. २०२४-२५ च्या रणजीत त्याने ८६३ धावा केल्या, फायनलमध्ये ८६ आणि १३५. त्याच वर्षी विजय हजारे ट्रॉफीत ७७९ धावा केल्या. या कामगिरीनंतर त्याला पुन्हा भारताची कॅप मिळाली आणि २०२५-२६ साठी तो आपल्या कर्नाटकात परतला.

तो आला तेव्हा कर्नाटकचे चाहते हळहळले होते, आपण खूश होतो. मग जितेश गेला तेव्हा बडोद्याचे चाहते खूश होणारच. दोन्हीकडे नियम तोच.

आणि विदर्भातून बाहेर पडणारा जितेश पहिला नाही. २०१७-१८ च्या फायनलमध्ये हॅटट्रिक घेऊन सामनावीर ठरलेला रजनीश गुरबानी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या संघात गेला. २०१८-१९ च्या फायनलमध्ये सौराष्ट्राविरुद्ध ११ बळी घेऊन सामनावीर ठरलेला आदित्य सरवटे त्याच वर्षी केरळकडे गेला. विदर्भाच्या पहिल्या दोन रणजी विजयांचे दोन्ही सामनावीर एकाच वर्षात घराबाहेर पडले.

सरवटेची गोष्ट तर सिनेमात शोभावी अशी. मार्च २०२५ मध्ये संपलेली रणजी फायनल नागपूरच्या जामठा स्टेडियमवर झाली. समोर केरळ. आणि केरळकडून सरवटे. त्याने आपल्याच जुन्या संघाविरुद्ध ७९ धावा केल्या, दुसऱ्या डावात चार बळीही घेतले. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने करंडक जिंकला. विदर्भाने घडवलेला माणूस विदर्भालाच सगळ्यात जास्त त्रास देत होता. संघटनेसाठी यापेक्षा चांगलं प्रशस्तिपत्रक कोणतं?

मग वऱ्हाडाला नेमकं काय टोचतं?

खरं दुखणं बडोद्यात नाही. ते अमरावती-नागपूर या दीडशे किलोमीटरच्या रस्त्यावर आहे.

विदर्भात ११ जिल्हे आहेत. त्यातले अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम हे पाच वऱ्हाडातले. विदर्भ क्रिकेट संघटनेची दोन्ही मोठी मैदानं, सिव्हिल लाइन्स आणि जामठा, नागपुरात आहेत. अकोल्याच्या मुलासाठी नागपूर अडीचशे किलोमीटर लांब. क्रिकेटमध्ये पुढे जायचं, तर कधी ना कधी बॅग भरून नागपूर गाठावंच लागतं. म्हणजे वऱ्हाडातला प्रत्येक खेळाडू विदर्भाकडून खेळण्यासाठी एकदा घर सोडतोच. त्याने पुढे विदर्भही सोडलं, तर ते त्याचं दुसरं स्थलांतर असतं. पहिल्या वेळी आपण त्याचं अभिनंदन करतो आणि दुसऱ्या वेळी जाब विचारतो.

अमरावतीला खेळाची परंपरा नाही असंही नाही. १९१४ मध्ये सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. कमतरता पोरांमध्ये नाही. कमतरता आहे ती घराजवळच्या मोठ्या मैदानांची आणि संधीची.

इथे फुटबॉलकडून एक गोष्ट खरंच शिकण्यासारखी आहे. फुटबॉलमध्ये एखाद्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली पैसे देऊन झाली, तर त्या रकमेचा ५ टक्क्यांपर्यंतचा वाटा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. गल्लीतल्या छोट्या क्लबलाही तो मिळतो. आपल्याकडे राज्य संघ बदलताना असं बदली शुल्कच नसतं. त्यामुळे ज्या क्लबने पोराला पहिली पॅड बांधायला शिकवली, त्याच्या वाट्याला फक्त अभिमान येतो. अभिमानावर नेट्सची जाळी बदलता येत नाही.

तो गेला, पुढे काय झालं?

विदर्भ कोसळला का? नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये विदर्भाने नागपुरात शेष भारताला ९३ धावांनी हरवून इराणी चषक जिंकला. पहिल्या डावात १४३ धावा करणारा सामनावीर होता अथर्व तायडे. अकोल्याचा.

जानेवारी २०२६ मध्ये विजय हजारे ट्रॉफीच्या सेमीफायनलमध्ये समोर कर्नाटक होतं, आणि त्या संघात करुण नायर. दर्शन नळकांडेचे पाच बळी आणि अमन मोखाडेच्या १३८ धावा यांच्या जोरावर विदर्भाने तो सामना सहा गड्यांनी जिंकला. १८ जानेवारीला बंगळुरूत फायनल झाली, सौराष्ट्राविरुद्ध. तिथेही अथर्वने १२८ धावा केल्या. विदर्भाने ३८ धावांनी जिंकून पहिल्यांदाच ही ट्रॉफी घरी आणली.

हाच अथर्व पंजाबच्या ताफ्यात जितेशसोबत होता. २०१८ मध्ये कूचबिहार ट्रॉफीच्या फायनलमध्ये त्याने त्रिशतक ठोकलं होतं, तेव्हापासून अकोलेकर त्याच्याकडे डोळे लावून बसलेत. सलामीच्या जागा दोन असतात. त्याला जागा मिळाली, ती त्याने धरून ठेवली. जितेशसमोर जागा एकच होती आणि तिथे कर्णधार उभा होता. अकोल्याचा राहिला आणि अमरावतीचा गेला, यात निष्ठेपेक्षा हिशेबाचा भाग मोठा आहे.

जितेशसाठीही सगळं गुलाबी झालं नाही. २०२५ मध्ये भारतीय टी-२० संघात तो परतला, पण डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या वर्ल्ड कपच्या संघात त्याचं नाव नव्हतं. कीपर म्हणून संजू सॅमसन आणि ईशान किशन निवडले गेले. एकच जागा आणि अनेक दावेदार, ही रांग बडोद्याला गेल्याने संपत नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी वऱ्हाडातलं कुणी संघ बदलल्याची बातमी फोनवर झळकली, तर ‘गद्दार’ टाइप करण्याआधी दोन गोष्टी बघा. त्याला इथे खेळायला जागा होती का? आणि तो जिथून निघाला, त्या गावच्या मैदानावर आज संध्याकाळी नेट लागलंय का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर निवड समितीकडे असतं. दुसरा प्रश्न मात्र अमरावती आणि अकोल्याच्या चाहत्यांनी विचारायचा आहे, आणि तो खेळाडूला विचारून उपयोग नाही.