चौथी संधी आणि माघारीची सूचना

जोखीम केव्हा घ्यावी याची चर्चा आपण नेहमी करतो. ठरलेला बेत ऐनवेळी केव्हा सोडावा याची मात्र क्वचितच. या दृष्टीने अमेरिकन फुटबॉलमधील एक डाव पाहण्याजोगा आहे.

या खेळात चेंडू ज्या संघाकडे असतो त्याने चार संधींत दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे सरकावयाचे असते. तीन संधी संपूनही अंतर उरले, तर चौथ्या संधीत बहुधा चेंडू लाथेने दूर धाडतात. यास ‘पंट’ म्हणतात. ताबा जातो, परंतु प्रतिस्पर्ध्यास पुष्कळ मागून आरंभ करावा लागतो. मर्यादित तोटा पत्करण्याचाच हा व्यवहार.

तथापि पंटचा केवळ आविर्भाव करून चेंडूसह धावण्याची वा तो सहकाऱ्याकडे फेकण्याची नियमांत मुभा आहे. हा ‘फेक पंट’. तो फसला, तर चेंडू तेथेच प्रतिपक्षाच्या हाती जातो.

ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी लोकप्रिय केलेली रग्बी पद्धत याहून सावध आहे. पंटर एका बाजूस धावत जातो आणि धावतानाच चेंडू मारतो. समोर मोकळी वाट दिसली, तर न मारता धावतच राहतो. निर्णय अखेरच्या क्षणापर्यंत त्याच्या हाती असतो. महाविद्यालयीन सामन्यांत लाथ बसण्यापूर्वीच सर्व सहकारी पुढे धावू शकतात. व्यावसायिक एनएफएलमध्ये ही सवलत केवळ दोन्ही टोकांच्या खेळाडूंस आहे. म्हणून ही पद्धत महाविद्यालयांत अधिक रुजली. यूटा विद्यापीठाचा ऑस्ट्रेलियन पंटर टॉम हॅकेट याने २०१४ व २०१५ अशी सलग दोन वर्षे सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कार मिळविला.

आता दुसरी बाजू पाहू. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी इंडियानापोलिस कोल्ट्स हा संघ न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध २१–२७ असा मागे होता. चौथ्या संधीत कोल्ट्सचे बहुतेक खेळाडू अकस्मात उजवीकडे सरकले. मध्यभागी चेंडूपाशी ग्रिफ व्हेलन आणि त्याच्या मागे कोल्ट अँडरसन, असे दोघेच उरले. प्रतिपक्ष गोंधळला तर लाभ घ्यावा. न गोंधळल्यास चेंडू हलवूच नये, वेळ संपू द्यावी, पाच यार्डांचा दंड सोसून नेहमीचा पंट मारावा, असा मूळ बेत होता. परंतु व्हेलन जायबंदी सहकाऱ्याच्या जागी उभा होता. समोर प्रतिस्पर्धी दक्ष असतानाही त्याने चेंडू मागे दिला आणि अँडरसन तत्क्षणी पाडला गेला. पेट्रियट्सने लगेच गुण वसूल केले व सामना ३४–२७ असा जिंकला. प्रशिक्षक चक पॅगानो यांनी चुकीची जबाबदारी स्वतःवर घेतली, हे त्यांना शोभणारेच होते.

बेत धाडसी होता म्हणून नव्हे, तर ‘थांबावे केव्हा’ ही सूचना बदली माणसात मुरलेली नव्हती म्हणून तो बुडाला, असे मला वाटते. बँकेत रजेवर जाणारा अधिकारी किल्ल्या सोपवीत असे, तेव्हा काय करावे याची यादी लांबलचक असे; काय करू नये हे बहुधा सांगावयाचे राहून जाई. आपल्या पेढीवरही गैरहजेरीत बसणाऱ्यास आपण खरेदीचा भाव सांगून जातो. कोणत्या भावास सौदा सोडून उठावे, हेही सांगतो का?