माशासाठी मर्यादा, माणसासाठी रिकामा रकाना!

३० एप्रिल २०२३, रविवारची सकाळ. पंजाबातील लुधियाना शहराच्या ग्यासपुरा भागात अकरा माणसे गुदमरून मेली. त्यांत तीन लहान मुले होती. यांपैकी कोणीही गटार साफ करायला उतरले नव्हते. गटारातला वायूच त्यांच्या दारात आला होता. तो हायड्रोजन सल्फाइड होता, असे पुढे चौकशीत समोर आले. रासायनिक सांडपाणी गटारात सोडले गेल्याचा संशय प्रशासनाने लगेच बोलून दाखवला होता. देशभरच्या वाहिन्यांनी ही बातमी चालवली, कारण या वेळी मरणारे गटाराच्या बाहेर होते. गटाराच्या आत माणूस मरतो, तेव्हा आतल्या पानावर चार ओळी येतात आणि विषय संपतो.

आत किती मरतात? २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना ३७७ माणसे मेली, हा संसदेत दिलेला सरकारी आकडा आहे. म्हणजे सरासरी दर पाच दिवसांना एक बळी. हे मरणारे कोण? ‘नमस्ते’ योजनेखाली २०२४ पर्यंत नोंदवलेल्या सुमारे ३८ हजार गटार आणि सेप्टिक टँक कामगारांत जवळजवळ ६९ टक्के अनुसूचित जातींचे आहेत. आकडे सरकारचे आहेत, पण चातुर्वर्ण्याचा हिशेब त्यात स्पष्ट दिसतो.

प्रत्येक मृत्यूनंतर आपण विचारतो, त्याला आत का उतरवले? प्रश्न बरोबरच आहे. पण दुसरा प्रश्न आपण विचारत नाही. आत होते काय आणि ते ओतले कोणी?

हा प्रश्न विचारण्याची सोय कायद्यात आहे. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध कायद्याचे कलम २४ सांगते की, विषारी किंवा घातक पदार्थ जाणूनबुजून नदीनाल्यात, विहिरीत, जमिनीवर किंवा गटारात सोडणे गुन्हा आहे. कलम २५ प्रमाणे कारखान्याला गटारात सांडपाणी सोडायचे तर आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. सोडण्याच्या मर्यादा १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांच्या सहाव्या अनुसूचीत दिल्या आहेत. या तक्त्यात चार रकाने आहेत : नद्या-तलाव, सार्वजनिक गटार, सिंचनाची जमीन आणि समुद्रकिनारा. गटारात सोडायच्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा. तेल आणि ग्रीस लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. शिसे १, सायनाइड २, पारा ०.०१ मिलिग्रॅमपर्यंतच.

आता याच तक्त्यात सल्फाइडची ओळ पाहा. नद्या-तलावांसाठी मर्यादा २ मिलिग्रॅम. समुद्रासाठी ५. आणि सार्वजनिक गटारासाठी? तिथे आडवी रेघ आहे. काहीही नाही. नदीतला मासा मरू नये म्हणून मर्यादा ठरली, समुद्रातला मासा मरू नये म्हणूनही ठरली. ज्या गटारात माणूस उतरतो आणि ज्या वायूने तो मरतो, त्याच पदार्थापुढचा रकाना सर्वसाधारण मानकांनी रिकामा ठेवला.

या वायूचे वागणे समजून घेतले पाहिजे. सांडपाणी साचून राहिले की जिवाणूंमुळे तो आपोआपही तयार होतो. परंतु गटारात एकाने सल्फाइड असलेले पाणी सोडले आणि दुसऱ्याने आम्ल ओतले, तर वायू क्षणात उसळतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे धोका टळला, असे समजून कामगार पुढे सरकतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. म्हणून एकाच चेंबरमध्ये दोन-दोन, तीन-तीन मृतदेह सापडतात.

मग मर्यादा ठरवताना काळजी कोणाची घेतली? सामूची अट पाळली की पाइप कुजत नाही. तेलाची अट पाळली की वाहिनी तुंबत नाही. धातूंच्या अटीमुळे प्रक्रिया केंद्रातले जिवाणू मरत नाहीत. पाइपाचा विचार झाला, जिवाणूंचा झाला. माणसाचा राहून गेला. हे कोणी कट करून केले असे आम्ही म्हणत नाही. कट करावाच लागत नाही, हीच तर जातिव्यवस्थेची ताकद आहे. नियम लिहिणाऱ्याच्या घरातले कोणी कधी मॅनहोलमध्ये उतरलेले नसते, म्हणून त्याच्या नजरेला तिथे पाइप दिसतो, माणूस दिसत नाही. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. त्याचा पुरावा हवा असेल तर हा तक्ता वाचावा.

यावर कोणी म्हणेल, २०१३ च्या कायद्याने माणसाला गटारात उतरवायलाच बंदी आहे, मग त्याच्यासाठी मर्यादा कशाला? बंदी आहे हे खरे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही ३७७ मेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख आणि २०२३ साली तीस लाख रुपये भरपाई ठरवून दिली. तीही मिळवायला विधवांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आणि लुधियानाने दाखवून दिले की, हे विष आत उतरलेल्यांपुरते राहत नाही. आपल्याकडे २०१४ साली उल्हासनगरात वालधुनी नाल्यात टँकरने रसायन सोडले गेले आणि शेकडो रहिवाशांना इस्पितळ गाठावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये सुरतजवळ सचिन औद्योगिक वसाहतीत असाच टँकर नाल्यात रिकामा होताना सहा कामगार मेले. नाल्याकाठी राहतात कोण, हे आंबेडकरी वाचकाला सांगायला नको.

असे असताना सरकार कोणत्या दिशेला चालले आहे? २०२४ च्या दुरुस्तीने जलप्रदूषण कायद्यातील अनेक गुन्ह्यांचा तुरुंगवास काढून दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड ठेवला. इतर राज्यांना ठराव करून ती स्वीकारण्याची मुभा आहे. दंड भरून विष ओतता येईल, असाच याचा अर्थ कारखानदार लावणार नाहीत काय?

आपल्या चळवळीनेही स्वतःला विचारले पाहिजे. माणूस मेल्यावर आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, भरपाई मागतो. पण आपल्या शहरातल्या किती कारखान्यांना गटारात पाणी सोडण्याची संमती आहे, त्यांच्या सांडपाण्याचे नमुने शेवटचे कधी तपासले, याची माहिती आपण २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली कितीदा मागितली? शिकलेला तरुण वर्ग आपल्याकडे आहे. रसायनशास्त्राचे पदवीधर आहेत, वकील आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी मंडळाच्या कार्यालयात असा एक अर्ज टाकला तरी अधिकाऱ्यांना फायली उघडाव्या लागतील.

मागण्या सरळ आहेत. सर्वसाधारण मानकांत सार्वजनिक गटारासाठी सल्फाइडची मर्यादा ठरवा. गटारात मृत्यू झाला की कंत्राटदाराबरोबर विष ओतणाऱ्याचाही शोध घ्या. पंचनाम्याच्या वेळीच सांडपाण्याचा आणि वायूचा नमुना घेणे सक्तीचे करा. सफाई यंत्रानेच करा. आणि आपल्या घरातूनही सुरुवात करू या. संडासात ओतलेले अ‍ॅसिड, मोरीत टाकलेले तेल, प्लॅस्टिक आणि सॅनिटरी पॅड गटार तुंबवतात किंवा विषारी करतात. तुंबलेले गटार मोकळे करायला शेवटी आपलाच भाऊ बोलावला जातो.

१९२७ साली महाडला स्वच्छ पाण्याला स्पर्श करण्यासाठी आपल्याला सत्याग्रह करावा लागला. तेव्हा चांगल्या पाण्यापासून आपल्याला हाकलत होते. आज घाण पाण्यात आपल्यालाच उतरवतात. चवदार तळ्यावरचा लढा पाण्याच्या घोटाचा नव्हता, माणूस म्हणून मोजले जाण्याचा होता. तो रिकामा रकाना सांगतो की, आपली मोजणी अजून पूर्ण झालेली नाही. ती करून घेणे हे आता आपले काम आहे.