राजाबाई टॉवरसमोर सेल्फी झाला, आता सिनेटचं बोला



सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन आलेल्या आमच्या तळेऱ्याकडच्या पोरांचे स्टेटस बघितले. बऱ्याच फोटोंत मागे राजाबाई टॉवर, आणि खाली ओळ : 'बाबासाहेबांचं विद्यापीठ'. बाबासाहेब शिकले एल्फिन्स्टन कॉलेजात, १९१२ साली बी.ए. झाले ते मुंबई विद्यापीठातून. म्हणजे ओळ चुकीची नाही. पण अर्धी आहे.

२०१८ साली युनेस्कोने ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती जागतिक वारसा ठरवल्या. फोर्टमधला विद्यापीठाचा जुना परिसर त्यातच येतो. तेव्हापासून सगळे कमानींचं, रंगीत काचांचं, गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुरचनाकाराचं कौतुक करतात. करा. पण पैसा कुठला, हे कोण सांगणार? टॉवरसाठी देणगी दिली प्रेमचंद रायचंद यांनी, आईच्या नावाने. त्यांची संपत्ती फुगली ती कापसाच्या तेजीत. अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी पेटली, गुलामांनी वेचलेला तिथला कापूस अडला आणि इथल्या शेतकऱ्याच्या कापसावर मुंबईचे व्यापारी गबर झाले. टॉवर १८७८ साली पूर्ण झाला. चारच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे विचारलं की सारा भरतो कुणबी-शूद्र, मग सरकारचा शिक्षणावरचा खर्च वरच्यांच्या पोरांवर का? वारशाच्या सहलीत हे येत नाही.

आणि त्या टॉवरवर वर बघा. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या मूर्ती दगडात कोरल्यात. ग्रंथालयाच्या डोक्यावर जात, नक्षी म्हणून!

आता उरलेली अर्धी ओळ. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं. बाबासाहेब त्याच वर्षी सभासद झाले होते. त्यांनी इमारतीबद्दल नाही, सिनेटबद्दल भांडण केलं. विद्यापीठाचा कारभार जिथे ठरतो तिथे मागासवर्गीयांचे प्रतिनिधी हवेत, ही त्यांची मागणी. पदवी घेऊन ते गप्प बसले नाहीत, पदवी देणाऱ्यांच्या खुर्चीवर हक्क सांगितला.

ती मागणी आज कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे सिनेटवर नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागा, त्यांतल्या ५ राखीव, आणि त्यात अनुसूचित जातीची एक. सिंधुदुर्गातली कॉलेजंही मुंबई विद्यापीठाचीच. तळेऱ्याहून फोर्ट चारशे किलोमीटरच्या वर, पण निकालाला उशीर, वाढलेली फी, वसतिगृह या सगळ्यावर प्रश्न विचारायची जागा तीच.

मग आपल्यातले किती पदवीधर मतदार आहेत? पदवी मिळाली म्हणजे नाव यादीत आपोआप येत नाही, वेगळी नोंदणी करावी लागते. मी आमच्या भागातल्या पंधरा-वीस पदवीधर पोरांना विचारलं. दोघांनी केली होती. बाकीच्यांना अशी यादी असते हेच माहीत नव्हतं. राजकीय पक्षांच्या संघटना मात्र गावोगाव अर्ज भरून घेतात. राखीव जागेवरचा माणूस आपला असला तरी तो कुणाच्या मतांवर बसतो, हे त्यामुळे ठरतं. राखीव जागा आपली आणि मतदार त्यांचे!

जयंती मंडळांनी मिरवणुकीच्या बैठकीतच पदवी प्रमाणपत्रांच्या प्रती गोळा कराव्यात. नोंदणी सुरू झाली की वाडीतल्या प्रत्येक पदवीधराचा अर्ज त्याच दिवशी भरता येईल. मुलींचे आधी घ्या, लग्नानंतर नाव बदललं की कागद जुळवताना त्यांनाच जास्त खेटे पडतात.