समुद्राच्या वाटेवरचे घर



यंदा उन्हाळ्यात मालवण तालुक्यातील एका जुन्या स्नेह्यांच्या माडाच्या बागेत बसलो होतो. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचा पुतण्या मुंबईची नोकरी सोडून गावी आला आहे. पर्यटकांसाठी निवास-न्याहारीचे घर बांधावे, असे त्याच्या मनात आहे. चहा पिता पिता त्याने मोबाईल पुढे केला.

"साहेब, हे बघा. अमेरिकेतलं आहे."

उंच लाकडी खांबांवर उभे असलेले दुमजली घर. एक लाट आली, खांब मोडले आणि घर खाली बसले. दुसऱ्या लाटेत ते तरंगत निघाले.

अण्णा बघत होते. म्हणाले, "एवढा श्रीमंत देश! समुद्राच्या तोंडात घर बांधायला यांना सांगितलं होतं कोणी?"

पुतण्या हसला. मला हसू आले नाही. कारण त्याच्या दुसऱ्या हातात त्याच्याच घराचा नकाशा होता, आणि तो घेऊन तो मला बागेच्या समुद्राकडच्या टोकाला नेणार होता. कर्जासाठी अण्णांचा सातबारा तारण द्यायचा होता. तेव्हा म्हटले, अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर आधी नीट देऊ, नकाशा मागाहून पाहू. तेच आज तुम्हालाही सांगतो.

ती घरे पडतात ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्थ कॅरोलिना राज्यात. तिथे मुख्य जमिनीपासून दूर समुद्रात वाळूच्या लांबट बेटांची रांग आहे. शेताला बांध असावा तशी ही बेटे किनाऱ्याला बांध घालून उभी आहेत. आपण त्यांना बांधबेटे म्हणू. एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला उथळ खाडी. कित्येक ठिकाणी बेटाची रुंदी अर्धा मैलसुद्धा भरत नाही. तिथल्या रोडँथी गावात १० मे २०२२ रोजी एका दिवसात दोन घरे समुद्रात गेली. जवळच्या बक्स्टन गावात ३० सप्टेंबर २०२५ रोजी एका दिवसात पाच गेली. २०२० पासून त्या पट्ट्यात वीसहून अधिक घरे पडली. घरे रिकामी असल्याने त्या दिवशी माणसे वाचली. पण लाकूड, खिळे, काचा आणि शौचालयाच्या टाक्यांची घाण मैलोगणती पुळणीवर पसरली. घर एकाचे पडते, निस्तरावे सगळ्यांना लागते.

आता हे होते कशाने? वादळे आहेत, समुद्राची पातळी वाढते आहे, हे तर खरेच. पण मूळ गोष्ट निराळी आहे, आणि नदीकाठच्या शेतकऱ्याला ती लवकर समजेल. बांधबेट एका जागी राहत नाही. मोठ्या वादळात लाटा समुद्राकडची वाळू उचलतात, बेटावरून पलीकडे नेतात आणि खाडीच्या अंगाला टाकतात. पुढून झिजते, मागे भर पडते. असे करत सबंध बेट हळूहळू जमिनीच्या दिशेने सरकते. समुद्र वाढत असूनही ही बेटे हजारो वर्षे बुडाली नाहीत, ती या सरकण्यामुळेच. पुराचा गाळ आला तरच मळई जिवंत राहते, तसेच हे. तिथले एक गवत तर वाळूखाली गाडले गेले तरी त्या वाळूतून पुन्हा वर येते. त्याला ही चाल ठाऊक आहे. घराच्या चौथऱ्याला ती ठाऊक नसते.

१९३० नंतरच्या दशकात तिथे माणसाने एक प्रयोग केला. बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून वाळू अडवणारी कुंपणे घातली, गवत आणि झाडे लावली, आणि समुद्राच्या बाजूने मैलोन् मैल वाळूचा उंच बांध उभा केला. हेतू चांगला होता. मृदसंधारणाचे काम करणारा माझ्यासारखा माणूस त्याला नावे ठेवणार नाही. लोकांना वाटले, आता भीती नाही. बांधाच्या आडोशाने रस्ता झाला, घरे झाली. पण १९७०च्या सुमारास पॉल गॉडफ्री आणि रॉबर्ट डोलन या अभ्यासकांनी दाखवून दिले, की बांधामुळे वाळू पलीकडे जायची थांबली. पुढून झीज चालूच आणि मागची भर बंद. बेट दोन्हीकडून अरुंद होऊ लागले. १९७३ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्याने हा बांध टिकवण्याचा नाद सोडला. घरे मात्र वाढतच राहिली.

अण्णांनी विचारले, "मग पूर्वीची माणसं तिथे राहत नव्हती का?"

राहत होती, पण रीत वेगळी होती. जुनी वस्ती बहुतेक खाडीच्या अंगाला, झाडांच्या आडोशाला असे. समुद्राच्या तोंडावर कोणी घर बांधत नसे. उधाणाचे पाणी शिरले तर घर तरंगून जाऊ नये म्हणून काही घरांच्या लाकडी जमिनीत भोके ठेवीत. पाणी आत येऊ देत आणि ओसरले की धुऊन काढीत. त्याच राज्यात शॅकलफर्ड नावाच्या बेटावर डायमंड सिटी म्हणून गाव होते. सुमारे पाचशे वस्ती. देवमाशाची शिकार आणि मासेमारी हा धंदा. ऑगस्ट १८९९ मध्ये मोठे वादळ झाले. खाऱ्या पाण्याने बागा मारल्या, विहिरी नासल्या. लोकांनी काय केले? घरे सुटी करून होड्यांवर चढवली आणि शेजारच्या बेटावर व मुख्य किनाऱ्यावर नेऊन पुन्हा उभी केली. १९०२ पर्यंत गाव रिकामे झाले. आज त्या बेटावर रानटी घोडी चरतात. ती माणसे गरीब होती, पण जमीन हलली तर आपणही हलायचे, इतके त्यांना कळत होते.

मग भिंत बांधून भागत नाही का? भागते, कुठे कुठे. टेक्सास राज्यातील गॅल्व्हस्टन हेही बांधबेटावरचेच शहर. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात तिथे किमान सहा हजार माणसे मेली. त्यानंतर त्यांनी १७ फूट उंच भिंत बांधली आणि घरे जॅकवर उचलून खाली वाळूची भर घातली. शहर वाचले, हे कबूल केलेच पाहिजे. पण भिंतीपुढची पुळण समुद्राने खाल्ली, आणि पुढच्या पिढ्यांना वाळू बाहेरून आणून टाकावी लागली. मोठे बंदर, हजारो संसार, तिथे असा खर्च समजतो. सुट्टीत भाड्याने द्यायच्या पाचपन्नास घरांसाठी तोच खर्च सगळ्या देशाने का सोसावा, हा तिथला आजचा भांडणाचा मुद्दा आहे.

हे भांडण एकतर्फी नाही. एक बाजू म्हणते, आमची पिढ्यान्‌पिढ्यांची गावे आहेत, मासेमारी आहे, पर्यटकांवर सगळ्या जिल्ह्याचे पोट आहे; वाळू आणून टाका, रस्ता राखा. दुसरी बाजू म्हणते, वाळू टाकली की पाचसात वर्षांत पुन्हा टाकावी लागते, आणि हा खर्च कधी संपत नाही. ड्यूक विद्यापीठातील भूशास्त्रज्ञ ऑरिन पिल्की यांनी आयुष्यभर दुसरी बाजू मांडली. ते २०२४ साली वारले. त्यांच्या आईवडिलांच्याच घराचे १९६९ च्या वादळात नुकसान झाले होते, म्हणजे ते नुसते पुस्तकातून बोलत नव्हते.

सरकारचे धोरणही दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभे राहिले. १९६८ साली पुराचा सरकारी विमा सुरू झाला. घर पडले की भरपाई मिळते; पण पडण्याआधी ते मागे न्यावे किंवा काढून टाकावे म्हटले, तर या विम्यातून पैसे मिळत नाहीत. १९८७ च्या कायद्याने तशी सोय केली होती, ती १९९४ च्या कायद्याने काढून टाकली. म्हणजे घर पडेपर्यंत थांबण्यातच मालकाचा फायदा. दुसरीकडे, १९८२ साली एक शहाणा कायदा झाला. ज्या बांधबेटांवर अजून वस्ती झालेली नाही, तिथे सरकारी विमा आणि रस्त्यापुलांसाठी केंद्राचा पैसा मिळणार नाही. बांधायचे तर बांधा, पण स्वतःच्या जोखमीवर. बंदी नाही, फक्त दुसऱ्याच्या खिशात हात नाही.

पुतण्याने विचारले, "साहेब, तुमचं मत काय?"

माझे मत त्याला तिथल्याच एका गोष्टीने सांगितले. हॅटरस टोकावर १८७० साली विटांचे उंच दीपगृह बांधले. तेव्हा समुद्र दीड हजार फूट लांब होता. तो सरकत सरकत १२० फुटांवर आला. कोणी म्हणे, दगडांचे बांध घाला. कोणी म्हणे, पडेल तेव्हा पडेल. शेवटी १९९९ साली ते दीपगृह, सुमारे पाच हजार टनांचे, बुंध्यापासून उचलले, रुळांवर चढवले आणि २३ दिवसांत २९०० फूट आत नेले. आधी गावातल्या पुष्कळांचा विरोध होता. ते आजही उभे आहे. २०२३ साली रोडँथीत पडायला आलेली दोन घरे उद्यान खात्याने सात लाखांहून अधिक डॉलर देऊन विकत घेतली आणि समुद्राने न्यायच्या आत पाडून टाकली. हे महाग आहे, पण कचरा गोळा करण्यापेक्षा आणि पुन्हा पुन्हा बांधण्यापेक्षा शहाणपणाचे आहे.

म्हणून माझे उत्तर असे. सरकत्या वाळूच्या समुद्राकडच्या तोंडावर नवे घर बांधू नये. जे बांधून बसले आहेत त्यांना दोष देत बसू नये. घर उभे आहे तोवर मागे यायला मदत करावी. आणि पडल्यावर त्याच जागी बांधायला मात्र कोणीही पैसे देऊ नयेत.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेची ही कथा आमच्या काय कामाची? देवबाग पाहिले असेल तर विचारणार नाही. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. ते बेट नव्हे, पण बांधबेटाचे सख्खे भावंडच. कोकणात अशा वाळूच्या पट्ट्या इतरत्रही आहेत, आणि अण्णांची बाग त्यांतल्याच एकीवर आहे.

नॉर्थ कॅरोलिनाने १९७९ साली एक सोपा हिशेब कायद्यात घातला. समुद्राकडून येताना पहिली टिकाऊ हिरवळ लागते, तिथून मोजायचे. किनारा वर्षाला जितके फूट झिजतो, त्याच्या तीसपट अंतर सोडून घर बांधायचे. म्हटले, आपणही तो करून पाहू.

"अण्णा, गेल्या वीस वर्षांत माडाच्या किती रांगा गेल्या?"

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. "तीन. वडिलांनी लावलेल्या."

दोन रांगांत अंतर २५ फूट. तीन रांगा म्हणजे ७५ फूट. वीस वर्षांनी भागले तर वर्षाला पावणेचार फूट. त्याची तीसपट सुमारे ११२ फूट. नकाशातला चौथरा शेवटच्या रांगेपासून ५० फुटांवर होता. त्या चालीने समुद्राला तिथे पोहोचायला तेरा-चौदा वर्षे. कर्ज पंधरा वर्षांचे.

पुतण्याने हिशेब दोनदा केला. मी त्याला हेही सांगितले, की समुद्र दरवर्षी सारखा हप्ता घेत नाही. दहा वर्षे काही नेत नाही आणि एका उधाणात सगळी थकबाकी वसूल करतो. शिवाय १९९१ पासून आपल्याकडे किनारा नियमनाचे नियम आहेत, भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात बांधकामाला निर्बंध आहेत. परवानगीची चौकशी आधी करावी, जांभा मागाहून आणावा.

अण्णा म्हणाले, "रस्त्याकडे गोठ्याची जागा आहे. तिथून समुद्र दिसत नाही एवढंच."

"पर्यटकाला समुद्रच दिसायला हवा असतो," पुतण्या म्हणाला. त्याचेही खोटे नव्हते. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. मी म्हटले, समुद्राकडे माडांखाली बाकडी टाक, झावळ्यांची माटवी घाल. गेली तर पुढच्या मोसमात पुन्हा होईल. झोपायची खोली आणि कर्जाचा पैसा मात्र मागे असू दे. त्याने अजून ठरवलेले नाही. सातबारा अण्णांच्या कपाटात आहे.

समुद्रकाठ असो, नदीकाठ असो, नाहीतर ओढ्याची कड असो. चौथऱ्याची आखणी करण्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला त्या जागेवर नेऊन तीन प्रश्न विचारा. तुमच्या लहानपणी पाणी कुठे होते? सर्वांत मोठ्या पुराला किंवा उधाणाला ते कुठवर आले? इथे आधी कोणी घर का बांधले नव्हते? मग भागाकार-गुणाकार करा आणि कर्जाच्या वर्षांशी ताडून पाहा. आजी-आजोबांची आठवण आणि शाळेत जाणाऱ्या मुलीची वही, एवढे सामान पुरते.

तुमच्या गावात पाण्यामुळे घर किंवा वस्ती मागे आणली असेल, तर जरूर कळवा. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

पुढच्या अंकी भेटूच.