पाहुण्यांना अमळनेर दाखवताना बोरी का गाळता?

बाहेरून कुणी आलं की आपण अमळनेरची ओळख ठरलेल्या क्रमाने करून देतो. साने गुरुजी इथल्या शाळेत शिक्षक होते. विप्रोची सुरुवात इथल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली, १९४५ साली. प्रतापशेठजींची मिल, १९१६ चं तत्त्वज्ञान मंदिर. मंगळवार असला तर मंगळग्रह मंदिर. २०२४ पासून साहित्य संमेलनाचीही भर पडली. (१९५२ लाही इथे संमेलन झालं होतं, ते मात्र फार कुणी सांगत नाही.) नदी पुलावरून ओलांडायची, नाकाला रुमाल लावून.

अहो, पण गाव नदीचं आहे ना! सखाराम महाराजांची समाधी बोरीच्या पात्रात आहे. काठावर नाही, पात्रात. वैशाखात एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी, आणि यात्रा भरते ती नदीच्या वाळवंटात. अख्ख्या खानदेशातून माणूस येतो. याला प्रतिपंढरपूर म्हणतात ते उगीच नाही. वैशाखात बोरी कोरडी असते म्हणून तर पाळण्यांना, दुकानांना जागा मिळते. त्यामुळे 'पाणीच नसतं, कसली नदी?' हे मला पटत नाही. कोरडी नदी आणि घाण नदी यात फरक आहे.

आता पात्रात काय राहिलंय? वाळू ट्रॅक्टरने जाते, सांडपाणी येतं, वर बाभळी माजतात. वाळू म्हणजे नुसता बांधकामाचा माल नाही. पावसाचं, पुराचं पाणी तीच धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना पुरवते. वर पारोळा तालुक्यात तामसवाडीला धरण आहे, त्यामुळे खाली येणारं पाणी आधीच मोजकं. तेही वाळूअभावी वाहून जाणार असेल तर उन्हाळ्यात टँकरच्या नावाने बोंबलून काय उपयोग?

माझं म्हणणं सरळ आहे. यात्रेपुरती साफसफाई नको. शहराचं सांडपाणी प्रक्रिया केल्याशिवाय पात्रात सोडू नका. वाळवंटात भर टाकून कुणी जागा वाढवत असेल तर पहिल्याच दिवशी अडवा. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला वॉर्डातल्या गटारीबरोबर हेही विचारा, की ही गटार पुढे जाते कुठे.

नवीन राहायला आलेल्या मंडळींनो, घर घेताना बिल्डर तुम्हाला स्टेशन किती मिनिटांवर ते सांगतो. सुरत-भुसावळ लाईनवर आहोत, सोय आहेच. पण एकदा यंदाच्या रथाला वाळवंटात उतरा. आणि मग पंधरा दिवसांनी, पाळणे गेल्यावर, पुन्हा जाऊन बघा आमनी बोरी कशी दिसते ती. फोटो काढा आणि खाली कमेंटमध्ये टाका, तारखेसकट.