खिशातले पेन आणि रजिस्टरातली नोंद




गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका मुलाला कनिष्ठ लिपिकाची नेमणूक मिळाली. संध्याकाळी तो आणि त्याची आई पेढे घेऊन घरी आले. बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या प्रतिमेपुढे पेढे ठेवून झाले, चहा झाला, आणि मग त्या माउलीने पदराच्या गाठीतून नोटा काढल्या.

"भाऊ, बचत गटातनं दोन हजार उचलल्यात. ह्याला चांगलं पेन घिऊन द्या. हापिसात पोरगं उठून दिसाय पायजे."

मुलगा लाजत म्हणाला, "काका, सोनेरी टोपणाचं एक बघून ठेवलंय. खिशाला भारी दिसतं."

मी म्हणालो, "आक्का, पेन जरूर घेऊ. उद्याच घेऊ. पण दोन हजारांचे नको. दीडशे रुपयांच्या आत काम होईल. आणि उठून दिसायचे ते खिशातल्या पेनाने नाही, रजिस्टरातल्या अक्षराने."

त्या दोघांना हे पटायला वेळ लागला नाही. कारण रजिस्टरातले अक्षर म्हणजे काय, हे त्या घराने भोगले आहे. या मुलाच्या जात पडताळणीची कागदपत्रे गोळा करताना मी त्यांच्याबरोबर हिंडलो होतो. आपल्या समाजाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो, हे आता घरोघरी माहीत आहे. मुलाचे पणजोबा गावच्या शाळेत दोन वर्षे गेले होते. शाळेचे जुने रजिस्टर सापडले, पान सापडले, नाव सापडले. पण जातीच्या रकान्यात निळा डाग! कधीतरी छपराचे पाणी त्या पानावर गळले होते आणि शाई पसरून गेली होती. शेजारच्या रकान्यातली जन्मतारीख मात्र वाचता येत होती. पुढे तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकात त्यांच्याच घरातल्या एका जन्माची नोंद मिळाली, तेव्हा काम झाले. तोपर्यंत आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत आक्कांच्या किती रोजंदाऱ्या बुडाल्या, ते त्यांनाच ठाऊक.

त्या पानावर कोणी लिहिले होते, ते आपल्याला कळणार नाही. त्या माणसाचा हेतू वाईट असेल असेही नाही. दौतीत जी शाई होती, ती त्याने वापरली. पण त्या एका शाईने सत्तर वर्षांनी एका घराला दारोदार फिरवले.

याच्या उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे ती नोंद आहे. सव्वाशे वर्षांनंतरही ती वाचता येते. त्याच नोंदीमुळे हा दिवस आपल्याला नेमका सांगता येतो, आणि म्हणूनच २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. एका कारकुनी नोंदीची ताकद एवढी असते!

म्हणून या आठवड्यात रोजच्या लिहिण्याच्या पेनाविषयी लिहितो. कोणी म्हणेल, आता ई-ऑफिस आले, संगणक आले, पेनाचे काय कौतुक? पण आवक-जावक रजिस्टर, हजेरीपट, टिपणीवरचा शेरा, पंचनामा, ग्रामसभेचे इतिवृत्त, आपल्या विहाराचे आणि बचत गटाचे जमाखर्चाचे वही-पुस्तक, यांतले पुष्कळसे अजून हातानेच लिहिले जाते.

शाईचे पेन का?

बॉलपेनला मी नावे ठेवणार नाही. कार्बन घालून पावती फाडायची असेल, तर बॉलपेनच हवे. तिथे शाईच्या पेनाने जोर दिला तर निब वाकते आणि खालची प्रतही उठत नाही. शिवाय बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्याने सहसा पसरत नाही. ज्याला दिवसातून चार सह्या करायच्या, त्याने खुशाल बॉलपेन वापरावे.

पण ज्याला सहा-सात तास लिहायचे आहे, त्याच्या हाताचा विचार करा. बॉलपेनमधली गोळी फिरण्यासाठी कागदावर दाब द्यावा लागतो. तो दाब अंगठ्यावर, मनगटावर आणि पुढे खांद्यावर येतो. शाईच्या पेनाला दाब लागत नाही. निबाच्या मधल्या बारीक चिरेतून शाई आपोआप खाली येते, आपण फक्त पेन कागदावरून न्यायचे. माझा अंगठा दुखून दुखून रात्री भाकरी मोडता येईना, तेव्हा मी शाईच्या पेनाकडे परत आलो. महिनाभरात फरक पडला. अक्षरही सुधारले, कारण हात सैल असला की काना, मात्रा, वेलांटी नीट निघते.

दुसरा मुद्दा खर्चाचा. शाईची साठ मिलिलिटरची बाटली घेतली आणि पेनात एका वेळी दोन मिलिलिटर शाई मावत असली, तर एका बाटलीत पेन तीस वेळा भरते. रोज भरपूर लिहिणाऱ्यालाही ती कित्येक महिने पुरते. आणि दर पंधरवड्याला एक प्लॅस्टिकची नळी कचऱ्यात जात नाही.

दुकानात काय पाहावे?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे दत्त चौकातून बाजारपेठेत गेलो. दुकानदाराने काउंटरवर दहा पेने मांडली. मी मुलाला जे दाखवले, तेच इथे सांगतो.

पहिली गोष्ट निब. पेन उजेडाकडे धरून पाहावे. निबाच्या दोन पाकळ्या सारख्या पातळीवर हव्यात, एक वर एक खाली असेल तर ते पेन कागद खरवडणार. मधली चीर सरळ हवी. निबाखालची काळी जीभ बरोबर मध्यभागी बसलेली हवी.

दुसरी गोष्ट, लिहून पाहिल्याशिवाय पेन घेऊ नये. दुकानदाराकडून निब शाईत बुडवून घ्यावे. नुसत्या रेघोट्या ओढू नयेत. आपले पूर्ण नाव लिहावे, एक ते दहा आकडे लिहावेत, 'क्ष', 'ज्ञ', 'त्र' लिहावे. दाब न देता अक्षर उमटले पाहिजे. रजिस्टरचे रकाने अरुंद असतात, म्हणून नोंदींसाठी बारीक निब बरे. लांब टिपणी किंवा अर्ज लिहायचे असतील, तर मध्यम निबाने हात जास्त सुखाने चालतो. सरकारी कागद पातळ असतो, त्यावर जाड निबाची शाई पलीकडे उमटते.

तिसरी गोष्ट टोपण. टोपण घट्ट बसले पाहिजे. सैल टोपणात निब सुकते आणि एस.टी.च्या धक्क्याने खिसा रंगतो. आट्यांचे टोपण असेल, तर आट्यांना चीर गेलेली नाही ना, ते पाहावे.

चौथी गोष्ट वजन. धातूचे जड पेन हातात घेतल्यावर भारदस्त वाटते, पण दुपारी तीननंतर तेच बोटांना जड होते. रोजच्या कामाला हलके पेन बरे. बोटे धरतात ती जागा फार गुळगुळीत नको, घामाने घसरते.

पाचवी गोष्ट, शाई भरायची पद्धत. ज्या पेनाच्या टाकीत ड्रॉपरने थेट शाई भरतात, त्यात शाई पुष्कळ मावते आणि बिघडण्यासारखे काही नसते. मात्र टाकीत शाई थोडी उरली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबातून थेंब टपकतो. म्हणून एक तृतीयांश शाई उरली की भरून घ्यावी. कार्ट्रिजचे पेन सोयीचे खरे, पण दरवेळी नवे कार्ट्रिज घेणे महाग पडते. त्यात शाई ओढून घेणारा कन्व्हर्टर बसतो का, हे विचारून घ्यावे.

कंपनीचे म्हणाल, तर नावाला भुलू नये. आपल्याकडे कॅमलिनचे नाव घरोघरी आहे. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाई बनवण्यापासूनच तो धंदा सुरू केला. अशा माहितीच्या कंपनीचे साधे पेन रोजच्या कामाला पुरते. चिनी हिरो पेनही पुष्कळांनी वापरले आहे. त्याचे निब झाकलेले असते, म्हणून चटकन सुकत नाही. पण त्यात नकली माल फार, तेव्हा पाहून घ्यावे. ज्या पेनाचे निब उद्या गावातच बदलून मिळेल, ते आपले पेन.

मुलाने सोनेरी टोपणाचे पेनही लिहून पाहिले. तीन ओळींत तो स्वतःच म्हणाला, "काका, हे कागद खरवडतंय." शेवटी त्याने काळ्या रंगाचे, हलके, बारीक निबाचे पेन घेतले. शाईची बाटली धरून दोनशेची नोट मोडली. आक्कांनी उरलेले पैसे तिथेच मोजून परत गाठीला बांधले.

शाई पेनापेक्षा महत्त्वाची

आता मुख्य गोष्ट. साधी निळी शाई दिसायला सुंदर असते, पण बहुधा ती पाण्याने धुऊन जाणारी असते. मुलांच्या वह्यांना आणि गणवेशाला ती बरी. कायमच्या नोंदीला मात्र टिकाऊ शाई हवी. पूर्वीच्या निळ्या-काळ्या शाईत मायफळ आणि हिराकस यांचा अंश असे. तिच्यातले लोह हवा लागून कागदाच्या तंतूंत काळे होऊन बसे, म्हणून त्या नोंदी पुसल्या जात नसत. आज मात्र बाटलीवर 'ब्ल्यू-ब्लॅक' लिहिले आहे म्हणून ती शाई टिकाऊच असेल असे नाही.

म्हणून घरी परीक्षा घ्यावी. कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून कागद एक दिवस वाळू द्यावा. मग त्यावर पाण्याचे पाच-सहा थेंब टाकून दहा मिनिटांनी टिपून घ्यावे. अक्षर वाचता आले, तर ती शाई रजिस्टरला चालेल. नुसता डाग उरला, तर ती शाई मुलांना द्यावी. चित्रकलेची काळी शाई मात्र चुकूनही पेनात घालू नये. ती आत सुकली की पेन कायमचे बसते.

निगा म्हणाल तर फार नाही. पंधरा दिवसांनी, आणि टिकाऊ शाई असेल तर आठवड्याने, पेन साध्या पाण्याने धुवावे. गरम पाणी नको. खिशात पेन निब वर करून ठेवावे. सुट्टीवर जाताना शाई काढून ठेवावी. आणि आपले पेन दुसऱ्याला लिहायला देऊ नये. निब एका हाताच्या कलाने घासलेले असते.

नोंद करणारा हात

पेन घेऊन परतताना मी त्या मुलाला एवढेच म्हणालो, "तुझ्या टेबलासमोर उद्या एखादी म्हातारी उभी राहील. तिच्या नातवाचे नाव, जन्मतारीख, जात तू लिहिशील. घाईत एक वेलांटी चुकली, तर आणखी साठ वर्षांनी कुणाला तरी आठ महिने हिंडावे लागेल. नाव दोनदा विचार, मग लिही. खाडाखोड झाली तर वर सही कर."

आपल्या पूर्वजांना लेखणी हाती धरू दिली नाही, त्यांच्याविषयी जे लिहिले ते दुसऱ्यांनी लिहिले. आज आपली मुले-मुली नोंद करण्याच्या खुर्चीवर बसत आहेत. ती खुर्ची बाबासाहेबांच्या श्रमाने मिळाली आहे. तिथे बसून सर्वांची नोंद, कुणाचीही जात न पाहता, स्वच्छ आणि खरी करणे हीच कृतज्ञता.

कराडकरांना तर नोंदीचा वारसा जुना आहे. मध्य प्रदेशातील भरहुतच्या स्तूपावर करहाकट नगराच्या निगमाने दिलेल्या दानाची नोंद ब्राह्मी अक्षरांत कोरलेली आहे. करहाकट म्हणजे आपले कराड, असे अभ्यासक मानतात. दान देणारे गेले, नगर बदलले, अक्षरे दोन हजार वर्षे उभी आहेत.

शेवटी एक सूचना. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला हार-मेणबत्त्यांऐवजी 'एक वही, एक पेन' आणण्याची चांगली चाल अनेक ठिकाणी पडली आहे. पण जमा होतात ती बहुतेक वापरून फेकायची पेने. यंदा आपापल्या विहारात निदान दहा शाईची पेने आणि एक मोठी बाटली ठेवू या. रविवारच्या धम्मवर्गात मुलांना पेन भरायला, धुवायला आणि अर्धे पान सुवाच्य लिहायला शिकवू या. सुरुवातीला बोटे निळी होतील. होऊ द्यावीत.

आक्कांच्या मुलाने पहिल्या दिवशी हजेरीपटावर सही केली आणि संध्याकाळी येऊन सांगितले, "काका, साहेबांनी विचारलं, हे अक्षर कुणाचं?" आक्का दारात उभ्या होत्या. त्यांना लिहिता येत नाही. पण प्रश्न त्यांना बरोबर कळला होता.

जयभीम!