सवलत सोबत्यासह मिळते, पण पोरगा एकटा प्रवास करायला शिकणार कधी?

२२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात परधाडे आणि माहेजी स्टेशनांच्या मध्ये पुष्पक एक्स्प्रेस थांबली. आगीची अफवा उठली. लोक घाबरून रुळावर उतरले आणि दुसऱ्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने अनेकांचा जीव घेतला. अशा वेळी भल्याभल्यांना काही सुचत नाही. मग ज्या पोराला पाटी वाचायला वेळ लागतो, गर्दीत जो गोंधळतो, त्याला गाडीत एकटं कसं बसवायचं? बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलांच्या आई-बापांचा हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर 'घरीच ठेवायचं' हेच असलं पाहिजे का?

अठरा वर्षांनंतर काय?

शाळेत असेपर्यंत थोडीफार सोय असते. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलांना प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्त्याची तरतूद आहे, विशेष शिक्षकही असतात. शाळा सुटली की हे सगळं थांबतं. पुढची प्रौढांची कार्यशाळा, कामधंद्याचं प्रशिक्षण, जिल्हा रुग्णालय हे सगळं बहुतेक वेळा शहरात. खेड्यातल्या पोराला तिथं न्यायचं तर आईने किंवा बापाने त्या दिवसाची मजुरी सोडायची. कापूस वेचणीच्या दिवसांत ते कोणाला परवडतं? दोन-चार वेळा खाडा होतो आणि मग जाणंच बंद पडतं. पोरगा वीस वर्षांचा होऊन ओट्यावर बसून राहतो.

सवलतीचा नियम काय सांगतो?

करोनाच्या काळात २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांसह बऱ्याच सवलती बंद केल्या. दिव्यांगांच्या चार प्रकारांची सवलत मात्र चालू राहिली, त्यात बौद्धिक दिव्यांग आहेत. सेकंड क्लास, स्लीपर आणि थ्री टायर एसीला भाड्यात ७५ टक्के सूट, तर मासिक पासला ५० टक्के. सोबत्यालाही तेवढीच सूट मिळते. राजधानी, शताब्दीत ती कमी आहे.

आता यातली मेख बघा. ही सवलत 'सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या' बौद्धिक दिव्यांग व्यक्तीसाठी आहे. म्हणजे पोरगा शिकला, एकटा जायला लागला, की सवलत गेली. एसटीत ४० टक्के आणि त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर एकट्यालाही सवलतीचं तिकीट मिळतं. रेल्वेत या मुलांसाठी तसं नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहे. रेल्वेच्या चार प्रकारांत अध्ययन अक्षमता बसत नाही. कायदा पुढे गेला, तिकीट खिडकी मागेच राहिली.

तरीही ज्यांना सवलत लागू आहे त्यांनी ती घेतलीच पाहिजे. त्यासाठी रेल्वेच्या ठराविक नमुन्यातला, फोटो असलेला, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरच्या सही-शिक्क्याचा दाखला लागतो. प्रवासात मूळ दाखला जवळ ठेवायचा. ऑनलाइन तिकिटासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र असतं, त्याचा अर्ज आता रेल्वेच्या दिव्यांग पोर्टलवर करता येतो. भुसावळ मंडळाचं कार्यालय भुसावळलाच आहे.

पैसा ही मुख्य अडचण नाही

जवळच्या पॅसेंजरचं भाडं तसंही कमी असतं. किमान भाडं १० रुपये आहे. खरी अडचण सवयीची आहे, आणि सवय लावायची जबाबदारी कोणाचीच नाही. शाळा म्हणते आमचं काम वर्गात, रेल्वे म्हणते सोबती आणा, घरचे म्हणतात भीती वाटते.

सवय लागते, पण टप्प्याटप्प्याने. पाचोरा ते जळगाव हाच प्रवास घ्या. पाचोऱ्यानंतर परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली आणि मग जळगाव. सगळीकडे थांबणाऱ्या गाडीने गेलं तर पाचवं स्टेशन. ज्याला पाटी वाचता येत नाही त्याला बोटांवर मोजता येतं. रोज तीच गाडी, तोच डबा. आधी आई शेजारी बसेल, काही दिवसांनी समोरच्या बाकावर, नंतर डब्याच्या दुसऱ्या टोकाला. त्यानंतर एकाने स्टेशनवर बसवून द्यायचं आणि दुसऱ्याने जळगावला उतरवून घ्यायचं. एकटं पाठवणं अगदी शेवटी. कोणाला दोन महिने लागतील, कोणाला वर्ष. काहींना कायम सोबत लागेलच, त्यात कमीपणा काही नाही.

बिघडलेल्या दिवसाचीही तयारी करून घ्यायची. गाडी मध्येच थांबली तर खाली उतरायचं नाही, जागेवर बसायचं. रूळ ओलांडायचे नाहीत, पुलावरूनच जायचं. स्टेशन चुकलं तर पुढच्या स्टेशनवर उतरून स्टेशन मास्तरकडे जायचं. प्लॅटफॉर्म ऐन वेळी बदलला तर कोणाला विचारायचं, हेही आधीच करून बघायचं. खिशात नाव, गाव आणि घरच्यांचे दोन नंबर लिहिलेला कागद हवा. १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक साध्या फोनवरूनही लागतो.

ग्रामपंचायत काय करू शकते?

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अनेक गावांत तो थोडी थोडी रक्कम वाटण्यात संपतो. त्यातूनच गावातल्या एखाद्या शिकलेल्या तरुणाला सहा महिने प्रवास-सोबती म्हणून मानधन का देऊ नये? तालुक्याचे विशेष शिक्षक त्याला पद्धत शिकवू शकतात. ही मागणी ग्रामसभेत करता येते, तोंडी नाही, लेखी अर्ज देऊन.

रेल्वेकडे मागणी एकच हवी, पोरगा एकटा प्रवास करायला लागला म्हणून त्याची सवलत काढू नका. आई-बाप काही जन्मभर पुरत नाहीत. ते आहेत तोवर पोराला निदान जळगावपर्यंत जाऊन परत येता आलं, तर पुढची चिंता थोडी तरी कमी होईल.